मालकी, मनाई आणि मधला श्रोता

चेन्नईच्या उपनगरी रेल्वेचे रूळ मांबलम स्थानकापाशी वस्तीचे दोन भाग करतात. पूर्वेला त्यागरायनगरची कापडाची आणि सोन्याची अफाट बाजारपेठ. पश्चिमेला देवळे, भोजनालये आणि दाटीवाटीची जुनी घरे यांनी भरलेले वेस्ट मांबलम. तेथल्या आर्य गौडा रस्त्यावर अयोध्या मंडपम् आहे, आणि त्या मंडपात व आसपासच्या भजनसभांत तुकोबांचे व नामदेवांचे अभंग तमिळ भागवतांच्या मुखातून ऐकू येतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटले, तरी इतिहास जाणणाऱ्याला ते वाटण्याचे कारण नाही; कारण १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरावर भोसल्यांची सत्ता होती, त्या सत्तेच्या अस्तानंतरही मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांनी तेथे आपली कीर्तनपद्धती रुजवली, आणि तिचा संस्कार घेऊन तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिले त्यात साकी, दिंडी आणि ओवी ही आपली वृत्ते अंगभूत होऊन राहिली.

अशा सभेत एखादा अभंग रंगात येतो तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण मोबाईल उंच धरून तो टिपून घेत असतात, आणि त्या क्षणी, गाणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना, कायद्याचे तीन-चार निरनिराळे संबंध एकमेकांत गुंतून उभे राहिलेले असतात. अभंगाच्या शब्दांवर कोणाचीच मालकी नाही; शतकांपूर्वीची ती वाणी सर्वांची आहे. चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे त्याच्या वारसांची. गाणाऱ्याच्या त्या दिवसाच्या गायनावर त्याचा स्वतःचा हक्क. हा हक्क १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात मुळात नव्हता, तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि आज ५० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण झाले तर त्याचा धनी आणखी निराळा. इतके असूनही मंडपातल्या भजनाला कोणी दावा लावू शकत नाही, कारण त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीतील गायनाला, तसेच हौशी मंडळींनी विनामूल्य श्रोत्यांपुढे अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेल्या प्रयोगाला स्पष्ट मुभा दिलेली आहे. संसदेने मालकीची तटबंदी उभारताना श्रोत्यासाठी दरवाजा राखून ठेवला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कलाकृतीच्या संरक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा मालक आणि चोर या दोघांपुरता होतो, आणि श्रोत्याच्या संरक्षणाचा विचार सरकार आणि लेखक या दोघांपुरता. दोन्ही ठिकाणी ज्याच्या नावाने सारा व्यवहार चालतो तो वाचक, श्रोता वा प्रेक्षक मधल्यामध्ये मुका राहतो. मद्रास नगरीने, म्हणजे आजच्या चेन्नईने, गेल्या शतकात या मुक्या पक्षकाराला काही वेळा वाचा दिली. त्या प्रकरणांतून मुंबई आणि नागपूरचे धागे वारंवार निघतात, म्हणून महाराष्ट्रातील वाचकापुढे ती कैफियत मांडावी असे वाटले.

सर्वांत आधी महाकवी सुब्रमण्य भारती. सप्टेंबर १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, ट्रिप्लिकेनमध्ये हा कवी वारला तेव्हा त्याच्या घरी संपत्ती नव्हती. होती ती हस्तलिखिते आणि इतस्ततः छापलेली पुस्तके. पुढे सात वर्षांनी, १९२८ मध्ये, मद्रास सरकारने ब्रह्मदेश सरकारच्या पावलावर पाऊल टाकून त्याची देशभक्तिपर गीते राजद्रोहात्मक ठरवली आणि पुस्तकांच्या प्रती जप्त केल्या. प्रांताच्या कायदेमंडळात सत्यमूर्तींनी या जप्तीविरुद्ध आवाज उठवला. प्रजेच्या मनावर विपरीत परिणाम होऊ नये ही या हुकुमाची सबब होती. म्हणजे श्रोत्याला गाण्यापासून वाचवावयाचे होते. वीस वर्षे उलटली, परकी सत्ता गेली, आणि त्याच गाण्यांवर नवे कुलूप पडले, ते मात्र मालकीचे. भारतींच्या गीतांचे चित्रपट व ध्वनिमुद्रणविषयक हक्क खरेदीखताने हस्तांतरित होत होत ए. व्ही. मेय्यप्प चेट्टियार यांच्याकडे आले होते. १९४७ च्या ‘नाम इरुवर’ या त्यांच्या चित्रपटाने डी. के. पट्टम्माळ यांच्या आवाजात ती गाणी घरोघरी पोहोचवली, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. वेस्ट मांबलमच्या वायव्येला वडपळनीत त्यांचा ए. व्ही. एम. स्टुडिओ पुढे उभा राहिला. परंतु टी. के. एस. बंधूंच्या नाटक मंडळीतले टी. के. षण्मुगम् यांनी १९४८ च्या ‘बिल्हणन्’ चित्रपटात भारतींचे एक पद घेतले तेव्हा चेट्टियारांनी त्यांच्यावर फिर्याद केली, आणि कायदा त्यांच्या बाजूचा होता.

येथे जे घडले त्याला दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. तमिळ लेखक, नट आणि सामान्य वाचक यांनी कवीची गाणी लोकांची व्हावीत म्हणून चळवळ उभारली. नारण दुरैक्कण्णन यांच्यासारखे लेखक तिच्यात अग्रभागी होते, आणि कवीच्या विधवा पत्नीची, चेल्लम्माळची, संमती मिळवण्यासाठी मंडळी तिरुनेल्वेलीपर्यंत गेली. ओमंदूर रामस्वामी रेड्डियार यांच्या मंत्रिमंडळाने १९४९ मध्ये भारतींच्या साहित्याचे हक्क सरकारात घेतले. चेट्टियारांनी आपल्याकडचे हक्क विनामूल्य देऊन टाकले, प्रकाशनाचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांना आणि कुटुंबीयांना मोबदला मिळाला, आणि पुढल्या काही वर्षांत सरकारने ते साहित्य सर्व जनतेला मोकळे केले. एरवी ते १९७१ च्या अखेरपर्यंत मालकीत अडकून पडले असते. जे शब्द सरकारने एकदा लोकांपासून दूर ठेवण्यासाठी जप्त केले, तेच एका पिढीच्या आत लोकांच्या हाती देण्यासाठी सरकारला विकत घ्यावे लागले.

तमिळनाडूत यातून एक रीतच पडली. भारतीदासन, कल्की, अण्णादुरै आदी अनेक लेखकांचे साहित्य राज्याने वारसांना ठोक रक्कम देऊन राष्ट्रीयीकृत केले, आणि २०२४ मध्ये करुणानिधींच्या लेखनाची त्यात भर पडली. या रीतीला दोषही आहेत. निवड सरकारच्या हाती राहते, आणि सरकार म्हणजे अखेर कोणता तरी पक्ष. तरीसुद्धा ज्या प्रकाशकाकडे भांडवल नाही त्यालाही थोर लेखकाची स्वस्त आवृत्ती काढता येते, आणि लेखकाच्या विधवेच्या हाती काही रक्कम जिवंतपणी पडते, हे दोन लाभ लहान नव्हेत. आपल्याकडे आपण मुदत संपण्याची वाट पाहत बसतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०११ उजाडल्यावर मोकळे झाले; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २०१७ उजाडल्यावर. मधल्या काळात ज्या मुलांना ‘श्यामची आई’ची स्वस्त प्रत मिळाली नाही त्यांची गणती कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

१९५७ च्या कायद्यात मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार असे दिसताच ती ६० करण्यात आली. ते हक्क बाळगणाऱ्या एका संस्थेच्या हितासाठी साऱ्या देशाच्या वाचकांना दहा वर्षे थांबावे लागले, आणि त्यांच्या वतीने बोलणारा तेव्हा कोणी नव्हता. याउलट २०१२ च्या दुरुस्तीने अंध व अन्य अपंग वाचकांसाठी कोणतीही कृती ब्रेलमध्ये वा श्राव्य रूपात उतरवण्याची मोकळीक दिली, आणि याच विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारे पहिले राष्ट्र २०१४ मध्ये भारत ठरले, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट होय.

वेस्ट मांबलमच्या मराठी रहिवाशाला याच कायदेकारणाने दिलेली आणखी एक देणगी मला येथे सांगावयाची आहे, कारण ती फारशी कोणाला ठाऊक नसते. मांबलमहून लोकल गाडीने एग्मोरला उतरले की १८९६ मध्ये उघडलेले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय जवळच आहे. १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. त्या तिघांपैकी एक मुंबईचे, एक दिल्लीचे आणि एक हे मद्रासचे. म्हणजे साताऱ्यात वा जळगावात छापलेल्या मराठी कवितासंग्रहावर मद्रासच्या वाचकाचा कायदेशीर हक्क आहे. कसूर करणाऱ्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. इतक्या अल्प दंडाच्या बळावर एवढी उदात्त योजना चालावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. लहान प्रकाशकांकडून पुस्तके पोहोचत नसतील तर दोष त्यांच्या हेतूपेक्षा टपालखर्चाचा अधिक, आणि तो खर्च सरकारने उचलावयास हवा.

आता दुसऱ्या प्रकारच्या संरक्षणाकडे, म्हणजे मनाईकडे वळू. १ मार्च १९५० रोजी, राज्यघटना अमलात येऊन पुरते पाच आठवडेही झाले नव्हते, तेव्हा मद्रास सरकारने रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला राज्यात येण्यास आणि वाटले जाण्यास बंदी घातली. साप्ताहिक निघत होते मुंबईत. तेथे ते खुशाल छापता येत होते. प्रश्न उपस्थित झाला तो मद्रासच्या वाचकाचा. २६ मे १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा हुकूम रद्द केला, आणि बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी, जे स्वतः मद्रासचेच, प्रसाराच्या स्वातंत्र्याविना प्रकाशनाच्या स्वातंत्र्याला किंमत उरत नाही हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले. लेखकाचा हक्क वाचकाच्या दारापर्यंत जातो, हे आपल्या घटनेच्या पहिल्याच वर्षी ठरले. त्या निकालाने अस्वस्थ झालेल्या केंद्र सरकारने पुढल्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती केली आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणास्तव वाजवी निर्बंध घालण्याची तरतूद आणली.

परंतु निर्बंध वाजवी की अवाजवी हे कोणाच्या मापाने मोजावयाचे? याचे उत्तर त्याआधीच नागपूरने देऊन ठेवले होते. भगवतीचरण शुक्ल यांच्या प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे सांगितले की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसावर काय होईल हे पाहावे. जो दुबळा, डळमळीत आहे किंवा ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसते त्याच्यावर काय होईल हे पाहू नये. हे माप १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले, आणि पुढल्याच वर्षी ते मद्रासच्या एका चित्रपटाच्या कामी आले. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा तमिळ चित्रपट जातिनिष्ठ आरक्षणाच्या धोरणावर टीका करणारा होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले. ३० मार्च १९८९ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले, आणि राज्य सरकारने संभाव्य दंग्याची भीती पुढे केली असता असे बजावले की, प्रेक्षकांतला एखादा गट बिथरेल म्हणून कलाकृती दडपणे म्हणजे धमकीपुढे शरण जाणे होय. बंदोबस्त ठेवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे आणि ते आपल्याला जमत नाही असे म्हणण्याची त्याला मुभा नाही. मला स्वतःला त्या चित्रपटाचा पक्ष पटत नाही. आरक्षणाविषयीचे माझे मत अगदी निराळे आहे, आणि म्हणूनच हा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो.

दिवाळी अंकाच्या वाचकाला याच वंशावळीतले एक घरचे प्रकरण ठाऊक असावयास हवे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा आली, आणि तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली. दंडाधिकाऱ्याने लेखकाला सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा काढून टाकली. अवघ्या पाच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल दोषी ठरवताना १८६८ च्या इंग्रजी निकालातील कसोटी वापरली होती. कृती ज्याच्या हाती पडेल अशा दुर्बल मनाला ती बिघडवील काय, असे विचारणारी ती कसोटी. काकोडकरांच्या प्रकरणात न्यायालयाने ‘शामा’ला थोर वाङ्मय म्हटले नाही. पण समाजाच्या रुची बदलत असतात, आणि केवळ कोवळ्या वयाच्या वाचकाला चालेल तेवढेच साहित्य सर्वांसाठी लिहिले जावे असा हट्ट धरता येणार नाही, हे मात्र मान्य केले. दिवाळी अंक घरात येतो, आजोबांपासून नातीपर्यंत सगळे त्याची पाने उलटतात, म्हणून हा प्रश्न आपल्या संपादकांना दरवर्षी पडत असणार. त्याची जबाबदारी संपादकाच्या विवेकावर राहावी आणि फौजदारी न्यायालयावर राहू नये, इतके तरी त्या खटल्याने साधले.

मनाईचा हुकूम कागदावर असेल तर त्याला आव्हान देता येते. जो कागदावर येत नाही तो अधिक घातक. पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुबागन्’ ही कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. चार वर्षांनी तिरुचेंगोडे येथे तिच्याविरुद्ध निदर्शने उसळली, आणि १२ जानेवारी २०१५ रोजी नामक्कलच्या सरकारी कचेरीत भरलेल्या ‘शांतता बैठकी’त या प्राध्यापकाकडून बिनशर्त माफी आणि न खपलेल्या प्रती मागे घेण्याची कबुली लिहून घेण्यात आली. कोणता कायदा? कोणाचा हुकूम? काहीच नाही; केवळ जमाव आणि त्याच्यासमोर लेखकाला समजूत सांगणारे अधिकारी. आपल्यातला लेखक मेला आहे असे त्यांनी जाहीर केले. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांनी असा करारनामा कोणावरही बंधनकारक नाही असे ठरवले, आणि ज्याला पुस्तक रुचत नाही त्याने ते मिटून ठेवावे, या साध्या वाटेची आठवण करून दिली. शांतता राखण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने ती लेखकाच्या गळ्यात बांधू नये, हे या निकालाचे सार प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर असावयास हवे.

मुलांचे संरक्षण ही गोष्ट निराळी, आणि तेथे माझा कायद्याला विरोध नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ऑनलाइन चित्रपट-मालिकांसाठी, आणि २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहांसाठी, सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे ठरवले. यात कृतीला कात्री लागत नाही, पालकाला सूचना मिळते, आणि निर्णय घरात होतो. मात्र त्याच २०२१ च्या नियमांनी बातमी-लेखनावर आचारसंहितेची सक्ती आणली तेव्हा मुंबई आणि मद्रास पुन्हा एकत्र आली. निखिल वागळे आदींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी त्या सक्तीला स्थगिती दिली, आणि पुढल्या महिन्यात गायक टी. एम. कृष्णा व अन्य याचिकाकर्ते मद्रासच्या न्यायालयात उभे होते तेव्हा तेथील खंडपीठाने मुंबईच्या स्थगितीचा परिणाम साऱ्या देशात होतो असे म्हटले. १९५० मध्ये मुंबईच्या साप्ताहिकाला मद्रासची वेस बंद झाली होती. या वेळी मुंबईच्या हुकुमाने मद्रासच्या लेखकालाही आडोसा दिला.

राहता राहिले नाटक, आणि येथे मात्र महाराष्ट्राला मद्रासकडून शिकावयाचे आहे. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये रंगभूमीचा आरंभ केला त्याच्या कितीतरी आधी तंजावरचे शहाजीराजे मराठीत नाटके रचत होते. त्या राजांना कोणापुढे संहिता ठेवावी लागली नसेल. १८७६ मध्ये इंग्रजांनी नाट्यप्रयोग कायदा केला. मद्रास राज्याने १९५४ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला, आणि एम. आर. राधा यांच्या जहाल नाटकांना आवर घालणे हा त्याचा उघड हेतू होता. पुढे तमिळनाडूत नाट्यमंडळ्यांना संहिता पोलिसांकडे दाखल करावी लागे. ‘परीक्षा’ या नाट्यसंस्थेचे ज्ञानी शंकरन, जे पत्रकारही होते आणि वेस्ट मांबलमपासून जवळच असलेल्या के. के. नगरातल्या आपल्या घराच्या परसात विहिरीकाठी साहित्यिकांच्या सभा भरवीत, त्यांनी या कायद्याला आव्हान दिले, आणि २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. २०१८ च्या आरंभी १८७६ चा मूळ कायदाही संसदेच्या निरसन अधिनियमाने इतिहासजमा झाला.

महाराष्ट्रात मात्र १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३३ व्या कलमाखालील नियमांनुसार रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आजही आहे. नाटकाची संहिता प्रथम त्याच्यापुढे जाते, आणि प्रयोग त्यानंतर. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना याच मंडळाविरुद्ध उच्च न्यायालयात जावे लागले आणि ते जिंकले, तरी मंडळ राहिले. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी पूर्वपरिनिरीक्षणाच्या या नियमांनाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मराठी नाट्यगृहात तिकीट काढून बसणारा प्रेक्षक नागपूरच्या न्यायमूर्तींनी वर्णिलेला तोच खंबीर माणूस आहे, असे राज्य सरकारला वाटत असेल तर त्याने न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता ते नियम स्वतः होऊन मागे घ्यावेत. त्यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणण्याचीही आवश्यकता नाही. राजपत्रातील एक अधिसूचना पुरेशी आहे.